साहेब, त्याला सांगा

साहेब म्हणजे कुत्रा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची तिथेच फसगत व्हायची. "जरा थांबा, साहेबांना विचारतो," असं कानावर आलं की माणूस सावरून बसायचा. मग कापड बेतायच्या टेबलाखालून चौतीस किलोचं, तपकिरी ठिपक्यांचं एक धूड बाहेर यायचं, लोंबते कान झटकायचं आणि त्या माणसाच्या मांडीला रेलून उभं राहायचं. काहींना गंमत वाटायची. काहीजण दारातूनच "नंतर येतो" म्हणायचे आणि नंतर यायचे नाहीत.

दुकान दोघा भावांचं. जुने सोफे, जुन्या खुर्च्या पार सांगाड्यापर्यंत उघडायच्या आणि नव्याने भरायच्या, हा धंदा. थोरला सांगाड्याचा माणूस. पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, फोम बसवायचा आणि तोंडात बारीक खिळे धरून एकेक जिभेने पुढे सारत ठोकत जायचं, हे त्याचं काम. धाकटा कापडाचा. बेतणं, कापणं, शिवणं त्याच्याकडे. वरच्या मजल्यावर थोरला आणि त्याची बायको राहायची. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. धाकट्याने लग्न केलं नव्हतं, तो दुकानामागच्या खोलीत राहायचा. आणि या दोघा सख्ख्या भावांचं अकरा महिने बोलणं बंद होतं.

आता एकाच टेबलावर काम करायचं आणि बोलायचं नाही, हे जमायचं कसं? तर तिथे साहेब कामाला यायचे.

"साहेब, त्याला सांगा, मोठी कात्री इकडे दे म्हणावं," थोरला म्हणायचा.

"साहेब, त्याला सांगा, कात्री त्याच्याच कोपराखाली आहे. आधी बघावं, मग मागावं."

"साहेब, सांगा, मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. अक्कल दुसरीकडे शिकवायची."

साहेब दोघांच्या मधोमध बसून जो बोलेल त्याच्याकडे मान वळवायचे आणि शेपटीने जमीन झाडायचे. वहिनी जिन्यावरून ओरडायची, "अहो, त्या मुक्या जनावराला टेलिफोन करून टाकलंय तुम्ही दोघांनी! लाज कशी वाटत नाही?" लाज वाटायची. पण आता सुरुवात कुणी करायची, यावर गाडं अडलं होतं.

साहेब आले होते एका सोफ्यासोबत. एका गिऱ्हाइकाची बदली झाली, नवं घर लहान मिळालं. त्याने सोफा भरायला टाकला आणि कुत्रा "चारच दिवस सांभाळा" म्हणून ठेवला. चार दिवसांनी आला, सोफा टेम्पोत चढवला, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला तो गेलाच. थोरला म्हणाला, सोडून येऊ कुणाकडे तरी. धाकटा हटून बसला. शेवटी त्यांची आई तिच्या खुर्चीतून म्हणाली, "राहू द्या रे. या घरात कुणीतरी माझं ऐकणारं हवं." आणि विषय संपला.

जात पॉइंटरची. पाखरू पकडणं हे या जातीचं काम नाही, दाखवणं हे काम. झुडपात पाखरू दडलेलं असलं की वास येताक्षणी हा कुत्रा जागच्या जागी थिजतो. नाक पुढे, शेपूट सरळ, पुढचा एक पंजा वर, आणि धनी येईपर्यंत हूं की चूं नाही. हे सगळं ऐकीव. आपल्या साहेबांनी चार वर्षांत काही म्हणजे काही दाखवलं नव्हतं. कबूतर समोरून आलं तर साहेब बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे. "नावाला पॉइंटर," थोरला म्हणायचा, "याला समोरची भाकरी तेवढी दिसते."

पण सांभाळायला सोपा नव्हता हो. दिवसाकाठी दीड-दोन तास पळवला नाही तर फोमच्या लाद्या कुरतडायचा. आखूड केस सुईसारखे कापडात घुसायचे, गिऱ्हाईक तक्रार करायचं. दर आठवड्याला कान पुसावे लागत, नाहीतर आत पाणी होई. थंडीत कुडकुडायचा म्हणून धाकट्याने उरलेल्या पडद्याच्या कापडाचा मोठमोठ्या फुलांचा कोट शिवला होता. जमिनीवर खिळा राहायला नको म्हणून थोरला दिवसातून तीनदा दांड्याला लोहचुंबक बांधून सगळं दुकान झाडायचा. आणि माणूस जिथे जाईल तिथे मागे. न्हाणीघराचं दार लावलं तर बाहेर बसून असा काही सुस्कारा सोडायचा की आतल्याला अपराधी वाटावं.

भांडण झालं ते आईच्या खुर्चीवरून. आई गेली, त्यानंतर तीन आठवड्यांनी थोरला सकाळी खाली आला तर खुर्चीवर नवं करडं कापड. जुनं निळ्या फुलांचं कापड थोरल्याने उमेदवारीत स्वतःच्या हाताने ठोकलेलं, आयुष्यातलं पहिलं. ते दारामागे कचऱ्याच्या पोत्यात. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आईची एवढीच किंमत होती तुला? तिचा वाससुद्धा ठेवला नाहीस घरात!"

धाकटा मान खाली घालून उभा राहिला. बोलला असता तर थोरला कदाचित थांबला असता, पण हा गप्प, म्हणून तो आणखी पेटला. "आणि हे कुत्रंही तुझंच. तुझ्याच हट्टाने राहिलंय. आजपासून माझ्या हातून त्याला एक घास मिळायचा नाही!"

तेव्हा मात्र धाकट्याचाही तोल गेला. "मग माझ्याकडूनही नाही! राहू दे उपाशी!"

थोरल्याचा राग दुधासारखा. उतू जाणार, आणि मग करपलेलं पातेलं घासायला तोच बसणार. रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढे साहेबांचं रिकामं ताट. धाकटा हट्टी, म्हणाला म्हणजे घालणार नाहीच. सकाळी साडेसातला थोरल्याने जिन्याच्या तोंडाशी हळूच चुटकी वाजवली, साहेब चार ढांगांत वर, आणि स्वयंपाकघरात पोटभर जेवून खाली. "त्याला सांगायचं नाही हं," थोरल्याने वहिनीला बजावलं. वहिनी म्हणाली, "दोघांच्या अकलेला कुलूप लागलंय," पण सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ वरचं ताट. दुकानाच्या भिंतीवर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद होता: 'मोठा, खोल छातीचा कुत्रा. दिवसातून दोन वेळा, बेताचं. खाल्ल्यावर तासभर पळणं, उड्या बंद.' थोरल्याने तो पाठ केला होता, माप चुकवत नव्हता. सकाळी पळवायला धाकटा न्यायचा, पण त्या वेळी थोरला अंघोळीला आणि मग चहाला. तो नक्की कधी नेतो ते वरून दिसायचं नाही, आणि विचारणार कोण? मध्ये एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन वाढलंय याचं. घरात लाड कोण करतं?" दोघांनी एकदमच वहिनीकडे पाहिलं. ती बिचारी कावरीबावरी झाली.

असे अकरा महिने गेले, आणि एका सकाळी नऊच्या पुढे थोरला खाली आला. साहेब नुकतेच पळून आले होते. धाकटा मागच्या खोलीत शिलाई मशीनवर. थोरल्याने खिळे तोंडात घेतले आणि त्याचं लक्ष गेलं.

साहेब दुकानाच्या मधोमध उभे. पाय रोवलेले, मान पुढे, अंग ताठ, नजर खिडकीकडे. हलत नव्हते.

थोरल्याने खिळे हातावर थुंकले. "अगं ए! लवकर खाली ये! साहेबांनी दाखवलं!"

वहिनी पदराला हात पुसत आली. मशीन थांबलं, धाकटाही दारात आला. खिडकीबाहेर विजेच्या तारेवर दोन चिमण्या होत्या, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

"फोटो काढ, फोटो!" थोरला कुजबुजला. वहिनीने मोबाईल काढला. एक समोरून, एक बाजूने, एक थोरल्यासकट. धाकटा गालात हसत होता. अकरा महिन्यांत दोघे भाऊ पहिल्यांदा एका गोष्टीवर खूश होते.

"पण पंजा वर नाही त्याचा," धाकटा हवेतच बोलला.

"साहेब, सांगा त्याला, पहिलीच वेळ आहे. पंजा पुढच्या वेळी."

अशी दहा मिनिटं गेली. मग वहिनीने मोबाईल खाली केला. चौथा फोटो काढायला ती वाकली होती आणि तिला तोंड जवळून दिसलं.

"अहो," ती म्हणाली, "हा चिमण्यांकडे बघत नाहीये. हा कुठेच बघत नाहीये."

तेवढ्यात साहेबांनी मान खाली घातली, पोट आत ओढून ओकारी काढायला गेले, पण आलं काहीच नाही, नुसती लाळेची तार. पुन्हा तेच. थोरल्याने पोटावर हात ठेवला. स्प्रिंगांवर कापड ताणून ताणून त्याच्या हाताला ताण कळायचा. हे पोट ढोलासारखं झालं होतं.

"खिळा! खिळा गिळला याने!" तो ओरडला. साहेब-बिहेब सगळं गळून पडलं. "बाळा, अरे बाळा, काय झालं रे तुला..."

दोघांनी मिळून त्याला उचललं, सोफा उचलतात तसा, एक पुढून एक मागून. टेम्पोत गोधड्यांवर ठेवलं. धाकट्याने गाडी काढली. थोरला मागे कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि मधल्या जाळीतून ओरडत राहिला, "धाकट्या, डावीकडून घे! धाकट्या, जोरात घे रे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात याच्या!"

"घेतोय दादा, घेतोय!"

हे शब्द सरळ एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात गेले, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुढे बसलेल्या वहिनीच्या आलं. तिने डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर दोन बोटं आपटली आणि तोंडावरचं हसू मावळलं. फोटो काढला, तोही आतला. त्यात खिळा नव्हता.

"पोटात वारा भरून ते स्वतःभोवती फिरलंय. पिळा पडलाय. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल. शेवटचं कधी खाल्लं?"

"साडेसातला," थोरला म्हणाला.

"सातला," धाकटा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक काहीतरी सांगा," बाई म्हणाल्या.

"सातला मी घालतो," धाकटा म्हणाला, "मागच्या खोलीत. रोज. तासभर थांबून आठाला पळवायला नेतो. कागदात लिहिलंय तसं."

"मी साडेसातला घालतो. वर. मीही कागदाप्रमाणेच..." थोरला म्हणाला.

"म्हणजे दोन जेवणं, आणि दुसऱ्यानंतर अर्ध्या तासात धावणं," बाई म्हणाल्या. "घरात दोघं आहात ना? एकमेकांना विचारत नाही का?" उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "अर्ध्या-पाऊण तासाचाच खेळ असतो यात. जगेल असा शब्द मी देत नाही."

बाहेर एक बाक होतं. रेक्झीन फाटलेलं, फाटीतून पिवळा फोम. थोरला एका टोकाला बसला, धाकटा दुसऱ्या. मध्ये जागा सुटली, साहेब बसतील एवढी. सवयीने सुटली. वहिनी दाराशी उभी होती. तिने मोबाईल उघडला, सकाळचे फोटो पाहिले आणि पुसायला लागली.

"राहू दे," थोरला म्हणाला. "बघायला हवेत मला ते. जीव जात होता त्याचा आणि आपण दहा मिनिटं टाळ्या पिटत होतो."

थोरल्याची बोटं रेक्झीनच्या फाटीत शिवण चाचपत होती. मग तो मधल्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणाला, "साहेब, त्याला सांगा..." आणि थांबला. तिथे कुणी नव्हतं. त्याने तोंड उघडं ठेवून त्या जागेकडे पाहिलं. मग हळूहळू मान पुढे, भावापर्यंत नेली.

"तू मला सांगितलं होतंस, घास घालणार नाही म्हणून."

"तूही."

"ते रागात रे."

"मग माझं काय, लोभात होतं?" धाकट्याच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "मला वाटलं, तुझा शब्द म्हणजे शब्द. उपाशी मरेल बिचारा."

"मलाही तेच वाटलं तुझ्याबद्दल." थोरल्याने दोन्ही तळहात तोंडावरून ओढले. "धाकट्या, एक विचारू? खरं सांग. आईचं ते कापड का काढलंस?"

"जाऊ दे ना दादा."

"सांग."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली, बोला भाऊजी.

"शेवटी शेवटी आईला कळायचं नाही. दोनदा खुर्चीतच झालं. तू माल आणायला गेला होतास. मी धुतलं, पण पार आत मुरलं होतं. तिला फार लाज वाटली रे. माझा हात धरून म्हणाली, हे कापड बदल, आणि थोरल्याला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याला सोसायचं नाही. पण त्यानंतर ती खुर्चीतून उठलीच किती? बदलायला जमलं ते ती गेल्यावर."

थोरल्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. तिचा वाससुद्धा ठेवला नाहीस.

"आणि तू ऐकून घेतलंस. अकरा महिने."

"शब्द दिला होता तिला."

"मग आज का मोडलास?"

धाकट्याने आतल्या दाराकडे बोट केलं. "गप्प राहून काय झालं ते आत पडलंय ना टेबलावर. आणखी किती गप्प राहू?"

थोरला रडला. पन्नाशीचा माणूस, फाटक्या बाकावर बसून हुंदके देऊन रडला, आणि मधली जागा ओलांडून त्याने भावाचा हात धरला. "मी तुला काय काय बोललो रे..."

"तू कुठे बोललास?" धाकटाही डोळे पुसत होता. "सगळं साहेबांच्या तोंडी घातलंस."

दोन तासांनी बाई टोपी काढत बाहेर आल्या. पिळा सोडवला होता, पोट पुन्हा फिरू नये म्हणून आतून बरगडीकडच्या भिंतीला टाके घालून बसवलं होतं. रात्र निघाली तर निभावला, म्हणाल्या. रात्र निघाली. तिसरीही निघाली. मग फुलांचा कोट उलटा करून टाक्यांवर बांधला आणि साहेब टेम्पोतून घरी आले, गिऱ्हाईक नवा सोफा नेतं तसे, धक्का न लावता. पुढच्या आठवड्यात दोघे भाऊ जाऊन दवाखान्याचं बाक उचलून घेऊन आले. धाकट्याने रेक्झीन कापलं, थोरल्याने ठोकलं, आणि त्या कामात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. रंगावरून. वहिनी जिन्यात बसून ते भांडण कान भरून ऐकत होती. मध्ये कुत्रा नव्हता, साहेब वर झोपले होते.

ताट आता एकच, जिन्याखाली. घातलं की भिंतीवरच्या कागदाशेजारी खडूने रेघ मारायची आणि तोंडानेही ओरडून सांगायचं, असा वहिनीचा हुकूम होता. त्यामुळे रोज सकाळी सातला गल्लीभर ऐकू जायचं, "दादा, घातलं रे!" आणि वरून, "कळलं!"

दोनेक महिन्यांनी एका दुपारी थोरला पट्टे ताणत होता, धाकटा खडूने कापड आखत होता. साहेब आईच्या करड्या खुर्चीत पसरले होते. अचानक उठले, खाली उतरले, चार पावलं गेले आणि दुकानाच्या मधोमध थिजले.

थोरल्याचा हातोडा गळून पडला. "धाकट्या!"

दोघंही एकदम धावले. थोरल्याने गुडघे टेकून पोटाखाली हात घातला, धाकट्याने हिरड्या उलटून पाहिल्या. पोट मऊ होतं. हिरड्या गुलाबी. साहेबांनी दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाक पुढे, शेपूट सरळ, आणि पुढचा उजवा पंजा वर, मुडपलेला, हवेत. खिडकीच्या कठड्यावर एक कबूतर मान हलवत बसलं होतं.

थोरला गुडघ्यांवरच राहिला. त्याने तोंड कुत्र्याच्या कानाशी नेलं. "साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "त्याला सांगा..."

मग त्याने मान वर केली आणि पलीकडे बसलेल्या भावाकडे पाहिलं.

"पंजा बघ रे," तो म्हणाला.

"बघतोय, दादा," धाकटा म्हणाला.